पाच वाजताचा वेग

कोणतीही गोष्ट सुधारायची तर आधी ती मोजावी लागते, आणि मोजणं एकदा अंगवळणी पडलं की सुधारण्याची घाई राहत नाही. आमच्या कंपनीत इंटरनेट रखडतं अशी तक्रार आली (कागदावर, ऑनलाइन केलेली अजून पोहोचायची आहे), तेव्हा वेगवर्धन समितीने आदेश काढला: एकशे बारा कर्मचाऱ्यांनी दर पंधरा मिनिटांनी आपापल्या संगणकावर वेग तपासून आकडा तक्त्यात भरावा.

मोहीम कमालीची यशस्वी झाली. आठवड्याभरात वेग निम्म्यावर आला, हे मोजल्यामुळेच कळलं. समितीने लगेच दर पाच मिनिटांनी मोजायला लावलं.

नेटवर्क सांभाळणारा आमचा तारवाला समितीपुढे म्हणाला, "साहेब, तपासणीचंच ओझं नेटवर पडतंय. सगळे सारखे तपासत बसलेत म्हणून तर ते अडतंय. एक दिवस मोजू नका, मग बघा."

मोजायचंच नाही तर बघायचं काय, असं समितीने विचारलं. त्याला "सहकार्याचा अभाव" असा शेरा मिळाला. सोबत पत्रही: शुक्रवारी पाच वाजता समितीच्या संगणकावर वेग वीसच्या वर नसेल तर नोकरी संपली.

माणूस भला, सोळा वर्षांत टेबलाखाली शिरायला कधी नाही म्हणाला नाही. शुक्रवारी तो आवक-जावकच्या काकूंना म्हणाला, "काकू, आज कुणी तपासू नका एवढं सांगाल सगळ्यांना?"

"सांगते की. तू नको काळजी करूस."

काकूंनी खरंच सगळ्यांना सांगितलं. पावणेपाचला समितीच्या संगणकावर अठ्ठेचाळीस आला. या इमारतीने एवढा वेग कधी पाहिला नव्हता. तारवाला पहिल्यांदाच खुर्चीवर टेकून चहा प्याला.

पाचला मिनिटभर कमी असताना मात्र प्रत्येकाला वाटलं, बिचाऱ्याचं काय होतंय ते नुसतं एकदा बघावं. आपण एकट्याने बघितलं तर काय बिघडतंय? (यावर एकशे बारा जणांचं एकमत होतं. कंपनीच्या इतिहासातलं हे पहिलंच.)

तारवाला सोमवारपासून येत नाही. काकू अजून डोळे पुसत म्हणतात, "मी एकदाच दाबलं रे." आम्हा सगळ्यांनाच फार वाईट वाटतं, दर पाच मिनिटांनी.

पाच वाजता आकडा किती आला, हे तुम्हालाही जाणून घ्यायचं असेलच. या, बसा. तक्त्यात एकशे तेरावी ओळ तुमच्यासाठीच आखून ठेवली आहे.