फ्रीझरचा गुण

सासूबाईंनी पांढरा कोट घालून पाळण्याशेजारी बसायचं ठरलं, तेव्हाच खरं तर हा प्रकार आवरायला हवा होता. पण ढब्बू सकाळपासून टक्क जागा होता आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला समितीपुढे उभं राहायचं होतं.

ती कॅन्सरच्या औषधावर काम करायची. त्या औषधानं प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या गाठी आक्रसल्या होत्या. आता ते पहिल्यांदा माणसांना देऊन पाहायला समितीचा होकार हवा होता. हॉस्पिटलात काही पेशंटांचे बाकीचे सगळे उपाय करून झाले होते, त्यामुळे तिथले डॉक्टर येता-जाता विचारायचे, कधी? म्हणजे भाषण चोख हवं, त्यासाठी तालीम हवी आणि तालमीसाठी ढब्बू झोपायला हवा.

त्यावरचा शोध तिनंच लावला होता. आदल्या दिवशी सांभाळणारी बाई आली नाही, म्हणून ढब्बूला कामावर न्यावं लागलं. प्रयोगशाळेबाहेर मोठा डीप फ्रीझर घरघरत असतो. घरी कुणाला न जुमानणारा हा गडी तिथं ढाराढूर झोपला. तिनं लगेच ती घरघर फोनवर रेकॉर्ड करून घेतली.

उंदरांत चाललं म्हणजे माणसांत चालेलच असं नाही, हे ती विद्यार्थ्यांना नेहमी बजावायची. घरी आल्यावर मात्र तिला त्याचा विसर पडला.

घरघर लावली, तर ढब्बूनं फोन चाटला. डोस कमी पडतोय म्हणून तिनं आवाज वाढवला, तेव्हा शेजारीण येऊन विचारून गेली, काही पेटलंय का. नवरा म्हणाला, नुसत्या आवाजानं काय होणार, तिथं गारवाही असतो. मग पाळणा ओढत फ्रिजसमोर नेला आणि दार उघडं ठेवलं. बर्फ वितळून स्वयंपाकघरात तळं झालं. प्रयोगशाळेतला स्पिरिटचा वास आठवला, म्हणून नवऱ्यानं ते तळं स्पिरिटनं पुसलं. ढब्बू दोनदा शिंकला आणि आणखीच ताजातवाना झाला. राहता राहिला प्रयोगशाळेतला पांढरा कोट, तो सासूबाईंनी चढवला.

"माझी पोरं मांडीवर झोपायची," बाह्या दुमडत सासूबाई म्हणाल्या. "तुझ्याला कारखाना लागतो."

"तुमच्या लेकाला कसं झोपवायचात, आई?"

"त्याला कुठं झोपवायला लागायचं? तो अजून नीट उठलाय कुठं."

नवरा फ्रिजला टेकून कसंनुसं हसला.

शेवटी तिनं नाद सोडला आणि तिथंच ओट्यापाशी तालीम सुरू केली. "आदरणीय सदस्यहो, प्रस्तुत संशोधनाची पार्श्वभूमी विशद करताना..."

पार्श्वभूमी संपायच्या आत ढब्बूचे डोळे मिटले. भाषण तक्त्यांपाशी पोचलं, तसा नवरा फ्रिजवरून घसरत जमिनीवर आला. निष्कर्षांपर्यंत सासूबाईंची हनुवटी कोटावर टेकली होती.

आणि ती बोलता बोलता थांबली. काल फ्रीझरपाशी उभी राहून ती हीच तालीम करत होती. फ्रीझरचा काही संबंधच नव्हता. अशी चूक विद्यार्थ्यानं केली असती, तर तिनं त्याला उभा-आडवा झापला असता. आणि उद्या समितीच घोरायला लागली, तर होकार देणार कोण?

तिनं सासूबाईंना हलवून जागं केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ज्या वाक्याला त्यांच्या पापण्या जड होत, ते वाक्य बाद. संध्याकाळपर्यंत पार्श्वभूमी सगळीच गेली. उरलं ते एवढंच: औषध काय करतं, पहिल्यांदा कुणाला द्यायचं आणि त्रास झाला तर थांबायचं कसं.

दुसऱ्या दिवशी समितीत कुणी डुलकी घेतली नाही. अध्यक्षा म्हणजे करारी, वयस्कर डॉक्टरीणबाई. त्यांनी शेवटी विचारलं, "पेशंटला गुंगी येईल?"

"औषधानं नाही," ती बोलून गेली. "माझ्या आधीच्या भाषणानं येते. घरात तिघांवर पाहिलंय."

हशा पिकला. होकार मिळाला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना फोन लावत ती बाहेर आली, तोच मागून अध्यक्षाबाईंनी गाठलं.

"ते जुनं भाषण टाकून नाही ना दिलंस? माझी नात कुणाला झोपू देत नाही."

"पाठवते की. पण मॅडम, अनुभव एकाच घरातला आहे. तुमच्याकडे चालेलच असं नाही."

"मग नातीला नंतर देऊ," बाई आवाज खाली आणत म्हणाल्या. "पहिला डोस मीच घेते."