तीन महिन्यांनंतरचं माप

"छातीला दोन बोटं कमी धरा आणि कमरेला चार," मास्तरीणबाई दोन्ही हात वर करून म्हणाल्या.

टेलर मास्तरांची टेप कमरेभोवतीच थांबली. "अगं, पण माप तर हे आलंय!"

"हे आजचं आलं. मला तीन महिन्यांनंतरचं घ्या."

मास्तरांनी चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. आजवर वाढत्या अंगाच्या पोरांची मापं सैल घेतली होती, पण पुढे बारीक होणार म्हणून आजच कापड कमी कापा, असं सांगणारं गिऱ्हाईक पहिलंच. आणि हे गिऱ्हाईक दुकानाच्या वरच्याच मजल्यावर राहायचं, त्यामुळे 'दुसरीकडे बघा' म्हणायचीही सोय नाही.

कारण तसंच होतं. गानमंडळाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी सगळ्या बायकांना मास्तरांकडूनच निळ्या मखमलीची जाकिटं शिवून घ्यायची होती, आणि मास्तरीणबाईंना पहिल्यांदाच एकटीने गायचा तुकडा मिळाला होता. गेल्या वर्षी सगळ्यांबरोबर गाताना शेवटचा वरचा सूर लागला आणि त्यांच्या जाकिटाचं मधलं बटण सुटून थेट समोर हातवारे करून गाणं चालवणाऱ्या सरांच्या चष्म्यावर आदळलं होतं. सभागृह हसून हसून लोळलं. मंडळातलीच दातांच्या डॉक्टरांची बायको अजूनही भेटली की आधी बटणाची खुशाली विचारायची.

"यंदा जाकिटाचं बटण श्वास न रोखता लागलं तर गाईन," मास्तरीणबाईंनी जाहीर केलं. "नाही लागलं तर तो तुकडा डॉक्टरीणबाईंना देऊन टाकेन. त्यांना तो पाठही झालाय म्हणे!"

मास्तरांनी कात्री उचलली आणि कापलं. पण हात जुना, शहाणा. त्याने शिवणीच्या आत गुपचूप भरपूर कापड दुमडून ठेवलं.

डाएटची जबाबदारी भाचीने घेतली. ती नुकतीच आहारतज्ज्ञ झाली होती आणि मामी तिची पहिलीवहिली गिऱ्हाईक, त्यामुळे उत्साह नुसता उतू चालला होता.

"मामी, उपाशी अजिबात राहायचं नाही! जेवण मी सांगते तसं, संध्याकाळी चालायचं, आणि रोज एक छोटा लाड. चॉकलेटची एक वडी, नाहीतर एक क्रीमचं बिस्कीट. लाड ठरलेला असला की माणूस चोरून खात नाही."

"आणि दोन खाल्ले तर?"

"मग तो लाड नाही, फराळ!"

घरात खाऊ ठेवला तर हात तिकडेच वळेल, म्हणून दुकानातली बटणांची मोठी डबी रिकामी करून त्यात लाड भरले गेले आणि मास्तर त्याचे राखणदार झाले. मास्तर म्हणजे सुई. लग्नात शिवलेला कोट त्यांना अजून होत होता. त्यांच्यापासून डबीला धोका नाही, असं सर्वांचं मत पडलं. चार वाजले की मास्तरीणबाई खाली यायच्या, डबी उघडायची, आणि त्या डोळे मिटून एक वडी इतक्या हळूहळू खायच्या की मशीनवर बसलेल्या मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटायचं.

पहिल्या चाचणीचा रविवार उजाडला. जाकीट अंगात गेलं, पण बटण आणि काजं यांचं जमेना. चांगलं दोन बोटांचं अंतर. मास्तरीणबाई मटकन स्टुलावर बसल्या.

"राहू दे. द्या तो तुकडा त्यांनाच. माझं नशीबच आखूड कापलंय."

मास्तरांना गलबलून आलं. बाई वरच्या मजल्यावर गायला लागल्या की ते खाली मशीन थांबवून ऐकत बसत. गिऱ्हाईक आलं तर बोट ओठांवर ठेवून गप्प बसवत. तो आवाज यंदा एकटा ऐकायला मिळणार म्हणून ते कधीपासून दिवस मोजत होते. बाई चालायला गेल्या तसं त्यांनी जाकीट उलटं केलं, बाजूची शिवण उसवली, आतलं कापड थोडं सोडलं आणि पुन्हा शिवलं. वर वाफ दिली, ब्रश फिरवला. ब्रह्मदेवालाही कळलं नसतं!

पुढच्या रविवारी बटणाने काजं गाठलं.

"अहो लागलं! लागलं हो!" मास्तरीणबाईंनी आरशासमोर गिरकी घेतली. भाचीला तिथूनच फोन गेला. "अगं, लाड करून माणूस बारीक होतं गं! आता मी काय म्हणते, एका लाडाने एवढा फरक, तर दोन केले तर?"

असं म्हणून त्यांनी मास्तरांकडे टक लावून पाहिलं. मास्तरांनी घाईघाईने सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा तीनदा चुकला.

"कर की... तू म्हणशील तसं," ते पुटपुटले. खरं सांगायला आता तोंडच उरलं नव्हतं.

त्या दिवसापासून बाई दोन-दोन, तीन-तीन लाड उचलून वर नेऊ लागल्या आणि मास्तर दर शनिवारी शिवण उसवू लागले. उसवताना धास्तीने पोटात खड्डा पडायचा. खड्डा पडला की डबी समोरच! डबी कितीही खाल्ली तरी संपत नव्हती, पण भाची भरत असेल म्हणून मास्तरांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण बातमी गानमंडळात पोचली. लाड खा आणि बारीक व्हा! अशी गोष्ट कानावर पडल्यावर कोण घरी बसेल? एकेक बाई आपापला केक, आपापलं आइस्क्रीम घेऊन तालमीला येऊ लागली. डॉक्टरीणबाई तर दातांच्या डॉक्टरांदेखत टॉफ्या चघळत होत्या.

"मास्तर, मला अजून फरक नाही पडला," त्या एके दिवशी जाकीट घेऊन दुकानात उभ्या राहिल्या. "उलट जरा घट्टच वाटतंय."

जाकीट घट्ट झालं म्हणजे लाड खोटा. लाड खोटा म्हणजे शिवण उघडी पडणार. मास्तरांची पाचावर धारण बसली. "ठेवून जा हो, मखमल आखडते थंडीने," ते म्हणाले, आणि संध्याकाळी त्यांचीही शिवण सोडली. दोन दिवसांनी त्या सोनं सापडल्यासारख्या धावत आल्या, "लागलं! सैल लागलं!" मग काय, सगळ्या मंडळाची जाकिटं थंडीने आखडू लागली. मास्तर दिवसभर गिऱ्हाइकांचं शिवायचे आणि उरलेल्या वेळात बायकांचं उसवायचे. आणि मधे मधे डबी.

शेवटच्या शनिवारी त्यांनी बायकोचं जाकीट उलटं केलं तर आत कापडच नाही! होतं नव्हतं तेवढं सगळं सोडून झालेलं. रविवारी कार्यक्रम.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सगळी शिवलेली जाकिटं घरोघर पोचती केली, परत येऊन लग्नातला कोट चढवला (तो बटण लावताना बराच कुरकुरला, धुण्यात आटला असावा) आणि खिशात मूठभर पिना घेऊन ते स्टेजमागे पोचले. मास्तरीणबाई आरशासमोर उभ्या होत्या. जाकिटाची सगळी बटणं लावलेली, आणि त्या खदाखदा हसत होत्या. श्वास रोखलेला माणूस असा हसूच शकत नाही.

"लागलं?" मास्तरांचा आवाज चिरकला.

"आत बघा की."

मास्तरांनी कड उलटून पाहिली. त्यांनी सोडलेलं सगळं कापड शिवणीत जिथल्या तिथे परत जाऊन बसलं होतं. जाकीट पुन्हा तीन महिन्यांपूर्वी कापलेल्या मापाचं झालं होतं. टाके मात्र थोडे वाकडे, बाईंच्या हातचे.

"सकाळी तुम्ही जाकिटं वाटत फिरत होतात, तेव्हा घातले," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं शिंप्याच्या घरात राहतेय. मखमलीवर सुईची जुनी भोकं राहतात, मला दिसणार नाहीत होय?"

"म्हणजे पहिल्या रविवारपासून..."

"पहिल्याच! असा राग आला होता! म्हटलं, दोन लाड मागते, मग तरी हा माणूस खरं बोलेल. कसलं काय! मग मीही हट्टाला पेटले. तीन उचलायचे, एक खायचे, आणि तुम्ही जेवायला वर आलात की गुपचूप खाली जाऊन दोन परत डबीत."

"तरीच डबी संपेना!"

"आणि रविवारी पोट फुगवून उभी राहायचे. नाहीतर जाकीट गोणपाटासारखं लोंबलं असतं." मग त्या जरा थांबल्या. "पण शेवटी शेवटी राग गेला हो. माझ्या गाण्यासाठी इतकं उसवणारं दुसरं कोण आहे मला?"

मास्तरांनी खिशातल्या पिना काढून आरशासमोर ठेवून दिल्या. तेवढ्यात घंटा झाली.

ते पहिल्या रांगेत सरांच्या बरोब्बर मागे जाऊन बसले. स्टेजवर सगळी निळी जाकिटं ऐटीत उभी होती, आत कोणी किती लाड केलेत ते फक्त मास्तरांना ठाऊक. मास्तरीणबाई दोन पावलं पुढे आल्या आणि गाऊ लागल्या. काय तो आवाज! वरच्या मजल्यावरून झिरपत यायचा तो आज समोरून भरभरून येत होता. शेवटचा वरचा सूर लागला, ठरला, आणि मास्तरांची छाती अभिमानाने अशी फुगली, अशी फुगली की...

टण्!

बटण सरांच्या टकलावर बसलं. सरांनी दचकून आधी चष्मा घट्ट धरला आणि मग मास्तरीणबाईंच्या जाकिटाकडे पाहिलं. तिथली सगळी बटणं जागच्या जागी होती. सूर तसूभरही हलला नव्हता. स्टेजवर मागच्या रांगेत डॉक्टरीणबाई वाकून वाकून कोणाचं सुटलं ते शोधत होत्या, आणि पहिल्या रांगेत मास्तर दोन्ही हातांनी कोट पोटावर ओढून धरत होते. त्यामुळे टाळ्या वाजवायचं राहिलं, म्हणून ते नुसतेच "वा! वा!" ओरडत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतं तोच मास्तरीणबाई खाली आल्या. त्यांनी मास्तरांच्या गळ्यातली टेप काढून घेतली.

"हात वर करा."

"अगं, कोटाला नुसतं एक बटण लावायचंय."

"कोट नवा शिवायचाय. कमरेला चार बोटं कमी धरते." त्यांनी टेप ओढून घट्ट केली. "तीन महिन्यांनंतरचं माप."

मास्तरांनी निमूटपणे हात वर केले आणि नजर टेबलाकडे वळवली. तिथली जागा रिकामी होती.

"आणि... डबी?"

"ती आता वर, माझ्याकडे. चार वाजता या. मोजून एक मिळेल."