गुनवोरच्या घराची पाहणी

गुरुवारी सकाळी गुनवोरने प्राण्यांच्या आश्रयगृहाचं दार उघडलं, तर पायरीवर दुसरीतली बावीस मुलं उभी आणि त्यांच्यापुढे अकरा बादल्या. बादल्यांत गोगलगाई होत्या. पाठीवर शंख मिरवणाऱ्या देखण्या नव्हेत. बोटभर लांब, तपकिरी, बुळबुळीत. ऑगस्टचा पाऊस लागला की स्मोलांड प्रांतातल्या एकाही बागेत धड पान शिल्लक ठेवत नाहीत, त्या.

"आम्ही वाचवल्या," त्यांच्यातली तूवा म्हणाली. "माझी आजी त्यांना कात्रीने कापत होती."

चूक गुनवोरचीच होती. आश्रयगृहातर्फे ती शाळाशाळांतून मुलांना भूतदया शिकवायची. मंगळवारच्या तासाला तूवाने हात वर करून विचारलं, की बागेतल्या गोगलगाईलाही दुखतं का. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका वही उघडून बसलेल्या. गुनवोर म्हणून गेली, की दुखतं सगळ्यांनाच, आणि आमच्या दारात आलेला कुठलाही जीव आम्ही परत पाठवत नाही.

जे ती म्हणाली नाही, ते असं : तिच्या बागेत बावीस जातींचे डेलिया होते, आणि रोज संध्याकाळी जेवण झालं की ती स्वतः कात्री घेऊन वाफ्यांतून फिरायची. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते काही उगीच नाही. गावात सगळेच कापतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण सगळे काही भूतदया शिकवत नाहीत. वसंतात कुत्रं दिसलं की आईमागे लपणारी तूवा आता आश्रयगृहातल्या कुत्र्यांना फिरवून आणायची, ती केवळ गुनवोरच्या शब्दावर. त्या पोरीला हे कळलं, तर पुन्हा त्या वर्गात कुठल्या तोंडाने उभं राहायचं, ही एकच धास्ती गुनवोरने घेतली.

तिने आश्रयगृहाचा व्यवस्थापक केंट याच्याकडे मोठ्या आशेने पाहिलं. केंटने शांतपणे नोंदणीचे कागद काढले आणि नियम तुझाच आहे म्हणून सांगितलं. मग दुपारपर्यंत नोंदणी चालली. 'नर की मादी' या रकान्यापाशी गाडं अडलं, तेव्हा तूवाने एकच प्राणी दोन्ही असतो हे पुस्तक आणून दाखवलं आणि केंटने दोन्ही चौकोनांत खुणा केल्या. नावं संपत आल्यावर एकशे चाळिसाव्या गोगलगाईपासून पुढच्या सगळ्यांना आडनावं द्यावी लागली.

शुक्रवारी सकाळी बादल्या रिकाम्या होत्या. सगळी मंडळी मांजरांच्या खोलीत, खाण्याच्या वाट्यांत आरामात पसरलेली. मांजरं कपाटावर चढून बसलेली, आणि ती काही केल्या खाली येईनात. आज संध्याकाळच्या आत यांना घर मिळालंच पाहिजे, असं केंटने बजावलं. आता स्मोलांडमध्ये गोगलगाई दत्तक घेणारं माणूस कुठून आणायचं? मुलांना मात्र हा प्रश्नच पडला नाही. त्यांच्या मते जगात सगळ्यांत मायेचं घर गुनवोरचं.

"पाहणी केल्याशिवाय आपण जनावर देत नाही," केंट म्हणाला. त्याच्या तोंडावरची रेषही हलली नाही.

दुपारी तिघा मुलांची समिती, केंट आणि बादल्या गुनवोरच्या फाटकाशी हजर झाल्या. तिला जेमतेम अर्धा तास मिळाला होता. तेवढ्यात तिने कात्री पावाच्या डब्यात कोंबली आणि वाफ्यांतल्या बिअरच्या बशा उचलल्या. गोगलगाई बिअरच्या वासाने येतात नि तिच्यातच बुडून मरतात. एक बशी राहिली, ती नेमकी तूवाला सापडली.

"हे काय?"

"बिअर," गुनवोर म्हणाली.

"त्यांच्यासाठी?"

"हो, त्यांच्यासाठीच."

एल्विन नावाच्या मुलाने कागदावर लिहिलं : पाहुणचार उत्तम. नशिबाने बशीत एकही गोगलगाय बुडालेली नव्हती. गुनवोरचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच कुंपणावरून शेजारच्या ऑकेचं डोकं वर आलं. ऑके मनाने फार चांगला माणूस, आणि खरं तर सगळा घोटाळा तिथेच होता.

"काय गं, काल किती कापल्यास?" त्याने विचारलं. "माझ्या साठ झाल्या. तुझ्यासारखा सफाईचा हात कुणाला जमायचा नाही."

एल्विनची पेन्सिल थांबली. गुनवोरला इतकी लाज वाटली, की तिला खोटंही सुचेना. तूवा रडेल, नाहीतर पाय आपटत निघून जाईल, असं तिला वाटलं, आणि दोन्हींतलं काहीही झालं तरी ते आपल्याच कर्माचं फळ होतं.

तूवा रडली नाही. ती हळूच ओल्या गवतावर बसली, थोडी तिरकी, नजर जमिनीकडे. तिचं पाहून बाकीचे दोघेही बसले. मग तूवाने न बघताच एक तळहात गुनवोरच्या दिशेने पुढे केला आणि तो तसाच धरून ठेवला. घाबरून चावणाऱ्या कुत्र्याजवळ कसं जायचं, हे वसंतात गुनवोरने शिकवलं होतं ते अगदी असंच. तूवा एकही पायरी विसरली नव्हती.

"ती वाईट नाहीये," तूवा एल्विनला दबक्या आवाजात म्हणाली. "तिला कुणी शिकवलं नाहीये, एवढंच."

गुनवोरचे डोळे भरून आले. ती गुडघे धरत गवतावर बसली.

"काय चाललंय तिथे?" ऑकेने विचारलं.

"तूही बस," तूवा पुटपुटली. "आणि तिच्याकडे बघू नकोस. आत्ता कुठे शांत होतेय."

कुंपणापलीकडे ऑकेचं डोकं हळूहळू खाली गेलं.