सीट सरकवू नका!

"गाडीचं ऑइल बदलायला मेकॅनिक लागतो, हे मेकॅनिक लोकांनीच पसरवलेलं खूळ आहे!"

ड्रॉइंगचे सर भर जिन्यात हे म्हणाले, तेव्हा ऐकायला इमारतीचे सेक्रेटरी आणि त्यांचं पांढरंशुभ्र मांजर एवढेच हजर होते. सेक्रेटरी "वा!" म्हणाले. मांजर काही बोललं नाही.

सरांना एवढा हुरूप यायला कारणही तसंच होतं. सकाळीच बायकोचा फोन आला होता. ती लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली, बाळ झालं, हसायला लागलं, पालथं पडायला लागलं, तरी बाईसाहेब तिकडेच! "येते हो आता," म्हणायची आणि बाळाला सर्दी व्हायची. इकडे रिटायर झालेले सर चहा करायला शिकले होते, पण तो दरवेळी दोन कप व्हायचा. दुसरा कप ते जरा वेळ समोर ठेवायचे आणि मग स्वतःच प्यायचे.

आज मात्र ती म्हणाली होती, "अहो, गाडीचं सर्व्हिसिंग राहिलंय. निदान ऑइल तरी बदलून ठेवा."

आता गाडी चालवायची ती. सर शेजारी बसून सिग्नल लाल आहे एवढं मोठ्याने सांगायचे. मग ऑइल कुणासाठी? म्हणजे ती येणार! कधी, ते सरांनी विचारलं नाही. विचारलं की बाळाला सर्दी होते.

सरांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, जुना शर्ट चढवला आणि गाडीखाली शिरले. इंजिनाखालचा बोल्ट काढला, तो हरवू नये म्हणून खिशात घातला. काळंकुट्ट ऑइल बायकोच्या कपडे भिजवायच्या टबात उतरलं. टब नीट बाजूला ठेवून सर बाहेर आले आणि नव्या ऑइलचा डबा वरून ओतू लागले.

ओतता ओतता त्यांना ती दिसायला लागली. ती गाडी सुरू करेल, मान तिरकी करून ऐकेल आणि म्हणेल, "अगं बाई, किती लोण्यासारखी चालतेय! तुम्ही केलंत?" सर म्हणणार, "त्यात काय!" मग ती म्हणणार, "चला, चक्कर मारून येऊ." डबा रिकामा झाला, तेव्हा सर चकरेवरून परतसुद्धा आले होते. पण पायातला बूट ओला का लागतोय?

बोल्ट खिशातच होता!

सगळं नवंकोरं ऑइल वरून आत आणि इंजिनातली काळी घाण घेऊन खालून बाहेर! पार्किंगच्या उतारावरून ते असं ऐटीत निघालं, जणू फिरायलाच चाललंय. तेवढ्यात समोरून मांजर आलं.

"ए! नको! हुश!"

या "हुश"ने घात केला. मांजर घाबरलं, ऑइलमधून आडवं धावलं आणि जिन्यात घुसलं. पायरीपायरीवर काळे ठसे! वरून सेक्रेटरीवहिनींचा आवाज आला, "आली का माझी राणी!" त्यानंतर जो आवाज आला तो लिहिण्यासारखा नाही. त्यातला "सोफा" एवढा एकच शब्द सभ्य होता.

पुढचा सगळा वेळ सर आणि सेक्रेटरी गुडघ्यांवर बसून जिना पुसत होते. सेक्रेटरींनी "वा!" परत घेतलं. शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून मेकॅनिक आला. त्याने बोल्ट बसवला, नवं ऑइल भरलं, गाडी सुरू करायला दार उघडलं आणि आत बसण्याआधी सीट खर्रकन मागे सरकवली.

"सीट सरकवू नका!" सर ओरडले.

मेकॅनिक उडालाच. "काय झालं सर? उंदीर?"

"तिची होती हो ती!"

सर ताडासारखे उंच. बॅटरी उतरू नये म्हणून ते मधूनमधून गाडी सुरू करून बसायचे ते गुडघे हनुवटीला लावून, घडीच्या खुर्चीसारखे मिटून. पण तिने ठेवलेली सीट त्यांनी हलवली नव्हती.

मेकॅनिकने सीट पुढे ओढली. "इथे?"

"जरा मागे."

"आता?"

"नाही, थोडी पुढे... नाही हो!"

"मॅडमची उंची किती, सर?"

सरांनी हात आपल्या खांद्याशी धरला. "एवढी." आणि हात तिथेच राहिला. मेकॅनिक हळूच म्हणाला, "कळलं सर. घ्या आता हात खाली."

तेवढ्यात फोन वाजला. बायको!

"अहो, काय करून ठेवलंत? वहिनींनी सोफ्याचे फोटो पाठवलेत!"

"तुझी सीट कुठल्या खाचेत असते गं?"

"काय?"

"मेकॅनिकने सरकवली. आता मला सापडत नाहीये."

पलीकडे बाळ काहीतरी बडबडत होतं.

"मला तरी कुठे ठाऊक?" ती म्हणाली. "बसते आणि ओढते. जेवलात का?"

"हो."

"खोटं." मग एकदम करड्या आवाजात, "शनिवारी येते मी. तुमच्या भरवशावर घर सोडायची सोय नाही!"

फोन बंद झाला. सरांनी ऑइलच्याच हाताने डोळे पुसले आणि काळ्याकुट्ट चेहऱ्याने मेकॅनिककडे वळले.

"काय हो, ब्रेकचं ऑइलही मीच बदलायला घेतलं, तर शुक्रवारी येईल का ती?"

मेकॅनिकने धाडकन बॉनेट लावलं आणि त्यावर दोन्ही हात दाबून उभा राहिला.