एक जूनचा केक

आमच्या शाळेतली त्रेचाळीस मुलं एकाच दिवशी जन्मली होती. एक जूनला. हा चमत्कार कमळाबाईंनी केला होता.

तारापूरजवळच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत मी मुख्याध्यापक आणि कमळाबाई सहशिक्षिका. नाव घालायला आलेल्या आईबापांना जन्मतारीख विचारली की उत्तर यायचं, "नवी होडी पान्यात घातली ना, तवाचा हाय." होडीची तारीख कोण सांगणार? बाई सरळ एक जून लिहायच्या. असं तर सगळ्याच शाळांतून चालायचं. पण नुसती तारीख लिहून मोकळं होणं बाईंना जमेना. "तारीख आपण दिली मास्तर, मग वाढदिवस कोण करणार? सरकार?"

म्हणून भर सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात केक व्हायचा. गावातल्या एका पारशीणबाईंकडून त्या तो शिकल्या होत्या. आमच्याकडे भट्टी कुठली? पातेल्यात वाळू, वर झाकण, झाकणावर निखारे. अंड्याऐवजी दही. पलीकडे अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललेलं, ट्रकांची धूळ यायची, म्हणून केक मच्छरदाणीत.

बाईंचं खरं वेड रंगाचं. लोण्यात पिठीसाखर फेटून जांभळांचा रस घालायचा. तळाला गडद, वर फिका, मग आणखी फिका, माथा पांढराशुभ्र. मधे कुठे रेघ दिसली की संपलं. "पायरी चुकली!" हे त्यांचं पालुपद. वर्गात मुलं उंचीनं बसवलेली, खडू लांबीनं लावलेले. एकदा माझ्या दोरीवरचे सदरेसुद्धा त्यांनी मळकेपणाच्या क्रमानं वाळत घातले. मला राग आला, पण क्रम बरोबर होता.

फुलं साखरेची. साखर, डिंक आणि लिंबू मळून एकेक पाकळी बोटांनी वळायची. कुणाला अबोली, कुणाला मोगरा, ज्याच्या त्याच्या आवडीचं. "एकालाही फूल कमी पडलं, तर त्याचा वाढदिवस झालाच नाही," असं त्या निक्षून सांगायच्या.

त्या वर्षी उकाडा असा, की बारा वाजताच लोणी पाघळायला लागलं. गडद रंग ताटात, फिका गडदात, अबोली घसरत कडेला. मुलं तासाभरात येणार होती. बाई पाटावर नुसत्या बसून राहिल्या. "पायरी चुकली" असंही म्हणेनात, तेव्हा मी घाबरलो.

धावलो तो हिराबाईकडे. ही कोळीण, तिची तीन पोरं आमच्या यादीत, आणि घरात होडीवरचा उरलेला बर्फ. तो पाटीत भरून डोक्यावर घेऊन ती तशीच आली. पाटी अर्थातच मासळीची. परातीत बर्फ, बर्फावर केकचं ताट. लोणी आवळलं, बाईंनी सुरीनं रंग पुन्हा चढवले. केकला बोंबलाचा हलका वास लागला, पण मुलांना तो परका वाटला नाही. ताट चाटूनपुसून साफ झालं.

फुलं वाटून झाली आणि नेहमीप्रमाणे एक उरलं. मागच्या बाजूचं, पांढरं, साधं. दरवर्षी उरायचं. गणित शिकवणाऱ्या बाईंना त्रेचाळीस मोजता येत नाहीत, म्हणून मी दरवर्षी चेष्टा करायचो. त्या हसून फूल पदराखाली घेऊन खोलीत जायच्या. हिराबाईनं मात्र सरळ विचारलं, "बाय, फूल कोनाचा हाय?"

"माझं," बाई सुरी पुसत म्हणाल्या. "मी जन्मले त्याच दिवशी आई गेली. आमच्या घरी माझ्या वाढदिवसाला श्राद्ध असायचं. त्या दिवशी मला कोण ओवाळणार?"

इतकी वर्षं मी कशावर हसत होतो ते कळलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हिराबाई म्हणाली, "मंग तुमी बी एक जूनच घ्या ना, बाय. आमच्या पोरांना दिलात, तुमाला नाय?"

मी कपाटातून रजिस्टर काढलं. यादीच्या शेवटी पेन्सिलीनं कमळाबाईंचं नाव लिहिलं, पुढे एक जून. सरकारी कागदात असली लुडबुड मी साऱ्या नोकरीत एकदाच केली. हिराबाईनं बर्फानं गार पडलेल्या बोटानं बाईंना कुंकू लावलं.

बाईंनी डोळे पुसले, रजिस्टर जवळ ओढलं आणि आपलं नाव बराच वेळ पाहिलं.

"बिगरीतल्या पोरांच्याही खाली मी? पायरी चुकली, मास्तर," त्या म्हणाल्या, आणि ते पांढरं फूल त्यांनी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर तोंडात टाकलं.