आमिषाला चोवीस तास पाणी

एका जंगलात, जिथे अजून रस्ता पोचला नव्हता पण जाहिराती पोचल्या होत्या, धुळाजी नावाचं एक अस्वल राहत होतं. मुलांनो, अस्वल पाण्यात उतरून मासे पकडतं असं तुम्हाला वाटत असेल. धुळाजीही आधी तसंच करायचा. पण त्यानं सर्दी होते. म्हणून तो काठावर बसून गळ टाकू लागला.

त्या वर्षी जंगलची राणी, म्हणजे सिंहीण, पोटुशी होती. तिला डोहाळे लागले ते मरळ माशाचे. सिंहमहाराजांनी धुळाजीला बोलावलं.

"धुळाजी, राणीसरकारांना दर बाजाराच्या दिवशी एक मरळ पाहिजे."

"आणतो की, महाराज."

"नाही आणलीस, तर तुझ्या गुहेवरचं मधाचं झाड पाणमांजराच्या नावावर करीन."

धुळाजीच्या तोंडचं पाणी पळालं. त्या झाडावरच्या पोळ्यांवरच त्याचं घर चालत होतं.

आता मरळ म्हणजे मोठी चोखंदळ. मेलेल्या आमिषाकडे ढुंकूनही बघत नाही. तिला गळाशी जिवंत, वळवळणारा लहान मासा लागतो. धुळाजीनं ओढ्यातून असे लहान मासे धरून आणले. बाजाराच्या दिवसापर्यंत ते घरी ठेवायचे होते. त्यानं ते सगळे एका मडक्यात घातले, उपाशी राहू नयेत म्हणून वर मूठमूठ भात टाकला, आणि मडकं छान उन्हात ठेवलं.

बाजाराच्या दिवशी त्यानं झाकण काढलं. सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. वास तर असा, की शेजारचं साळिंदर घर बदलायचं म्हणू लागलं.

धुळाजी दरबारात रिकाम्या हातानं गेला. महाराज म्हणाले, "राणीसरकार रुसल्यात. आणखी एकदा संधी देतो."

घरी बायको ठकूबाई वाटच बघत होती.

"अहो, एवढ्याशा मडक्यात एवढे कोंबलेत! तुम्हाला कोणी असं कोंबलं तर जगाल का? आणि हा भात?"

"मायेनं घातला गं."

"मग मायेनंच मेले ते. खाल्ला नाही, तो भात पाण्यात कुजला."

धुळाजी खजील झाला. पण तो हट्टी होता. त्यानं उंबराच्या सावलीत एक रुंद दगडी डोण आणून ठेवली. मासे मोजकेच सोडले. विहिरीचं पाणी एकदम ओतायचं सोडून आधी घागरीत मुरवून ठेवू लागला. रोज थोडं जुनं पाणी काढायचा, थोडं नवं घालायचा, आणि घालताना घागर उंच धरायचा, म्हणजे धारेबरोबर हवाही आत जाते. खायला चिमूटभर, तेही लगेच संपेल एवढंच. एखादा मासा मलूल दिसला की त्याला वेगळ्या गाडग्यात ठेवायचा. उड्या मारून बाहेर पडू नयेत म्हणून वर करंडीचं झाकण.

मासे जगले. नुसते जगले नाहीत, टवटवीत झाले. धुळाजी सकाळी उठला की तोंड धुवायच्या आधी डोणीत डोकावायचा.

"तब्येत बरी ना?" तो विचारायचा.

"झकास!" चमकी नावाची एक चुळबुळी मासोळी म्हणायची. "पण काल पाणी जरा उशिरा बदललंत."

"चुकलं हो," धुळाजी म्हणायचा, आणि घागर उचलायचा.

पुढचा बाजाराचा दिवस आला. धुळाजी चमकीला गाडग्यातून डोहावर घेऊन गेला. गळाशेजारी तिला सुतानं अलगद बांधलं आणि पाण्यात सोडलं.

डोहात बुवाजी नावाची जाडजूड मरळ होती. ती तोंड उघडून आली. बाकीचे लहान मासे पळाले. चमकी मात्र पळाली नाही. तिला पळायची सवयच राहिली नव्हती. बुवाजी बुचकळ्यात पडली आणि तिनं तोंड मिटलं.

"तू गं कुठली? पळत का नाहीस?"

"मी आमिष आहे," चमकी ऐटीत म्हणाली.

"म्हणजे काय?"

"हुद्दा आहे. राहायला डोण मिळते. चोवीस तास पाणी, दिवसभर सावली, वेळेवर जेवण. बगळा फिरकत नाही. आजारी पडलं तर स्वतंत्र गाडगं."

बुवाजीनं आपल्या डोहाकडे पाहिलं. उन्हानं पाणी आटत चाललं होतं. वर बगळे, खाली गाळ.

"मोठ्या माशांना घेतात का?"

"विचारायला हवं," चमकी म्हणाली.

काठावर धुळाजी श्वास रोखून ऐकत होता. तेवढ्यात बुवाजीनं पाण्याबाहेर डोकं काढलं. मरळ थोडा वेळ पाण्याबाहेर तग धरते, आणि चिखलातून सरपटतही जाते. ही तर सरळ काठावर आली आणि म्हणाली, "चला, दाखवा जागा."

धुळाजीनं गळ गुंडाळला आणि चमकीला पुन्हा गाडग्यात घेतलं.

घरी आल्यावर बुवाजीनं डोणीभोवती चक्कर मारली. सावली बघितली. पाणी चाखलं. "शेजार कसा आहे?" तिनं विचारलं.

"साळिंदर आहे. जरा टोचतं, पण मनानं चांगलं आहे."

"आणि हा आलं-लसणाचा वास?"

आतून ठकूबाई म्हणाली, "तुमच्याच स्वागताची तयारी चाललीय!"

"मोठी अगत्याची मंडळी आहात हो," बुवाजी म्हणाली, आणि डोणीत उतरून डोळे मिटून पडली.

 धुळाजीला माशांशी झोंबाझोंबीची सवय होती. असा भरवसा त्याच्यावर अजून कोणी टाकला नव्हता. न राहवून तो खाली वाकला आणि कुजबुजला, "बुवाजी, खरं सांगू? राणीसरकारांना डोहाळे लागलेत. मरळीचे. तुम्ही अजून परत जाऊ शकता. मी मान वळवतो."

बुवाजीनं एक डोळा उघडला.

"अस्सं! माझ्यापेक्षा मोठी कोणी जागा मागायला आली वाटतं? मी हलायची नाही. आधी मी आलेय."

धुळाजीनं पुन्हा समजावलं. बुवाजीनं पुन्हा सुनावलं. शेवटी ती रागानं म्हणाली, "मला घालवायला आता खोट्या अफवा पसरवता?"

राणीसरकार त्या दिवशी पोटभर जेवल्या. महाराजांनी धुळाजीच्या पाठीवर थाप मारली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी धुळाजीनं गुहेचं दार उघडलं, तर डोहापासून उंबरापर्यंत मरळींची रांग लागली होती. ढकलाढकली चालली होती. चमकी डोणीच्या कडेशी येऊन घसा फुटेस्तोवर सांगत होती, "घाई करू नका! सावली सगळ्यांना आहे!"

रांगेच्या शेवटी एक तरुण मरळ उभी होती. तिनं पुढचीला हळूच विचारलं, "काकी, बुवाजी आत गेली ती परत दिसली नाही. कुणी परत का येत नाही?"

काकीनं कपाळाला हात लावता आला नाही म्हणून नुसतं शेपूट आपटलं.

"वेडी का गं तू? एवढी चांगली जागा मिळाल्यावर परत कोण येईल?"

तात्पर्य : आमिषाची काळजी मनापासून घ्यावी. ती नीट घेतली, की गळ टाकावा लागत नाही. आणि खरं सांगितलं, तरी कुणी ऐकत नाही.