होऊन राहिलं

आमचे शेजारी केवलभाऊ ठवकर जेवताना लोणचं हवं असलं तरी आधी उभे राहतात. हात वर करून सिंधूवहिनींना म्हणतात, "अध्यक्ष महोदय!" वहिनी एक शब्द न बोलता बरणी पुढे सरकवतात. भाऊ पाच वर्षं रायपूरच्या विधानसभेत आमदार होते. त्याला आता जमाना लोटला, पण सभागृह अंगातून गेलेलं नाही. ताटात कारलं दिसलं की सभात्याग करून ते आमच्याकडे चहाला येतात.

आम्ही साताऱ्याकडचे. स्टील प्लांटच्या नोकरीने भिलाईत आलो आणि इथल्या कोहका वस्तीत यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो. भाऊंचं घराणं भंडाऱ्याकडचं. कुठलंही काम विचारा, त्यांचं उत्तर ठरलेलं: "होऊन राहिलं." म्हणजे चालू आहे. माझ्या सातारी कानाला त्यातलं 'राहिलं' तेवढंच ऐकू येई, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा माझा कानच बरोबर ठरे.

या शब्दानेच त्यांचा घात केला. वहिनी जामुलच्या शाळेत शिक्षिका. कुरुदच्या रस्त्यावर रोज बसची वाट बघत उन्हात उभ्या राहायच्या, कारण थांब्याला शेड नव्हती. नवऱ्याच्या गाडीत त्या कधी बसल्या नाहीत. "गाडी आमदाराची हाये, मास्तरणीची नाई," म्हणायच्या. उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्याकडे मागितली ती एवढी शेड.

दुसऱ्या निवडणुकीच्या सभेत कुणीतरी नेमकं तेच विचारलं. भाऊ तावात आले आणि घरचं मराठी त्यांनी जसंच्या तसं हिंदीत ओतलं: "शेड बनके रह गया!" हिंदीत 'रह गया' म्हणजे राहूनच गेलं; सभा पोट धरून हसली. विरोधकांनी रिक्षावर भोंगा बांधून 'रह गया, रह गया' गल्लोगल्ली फिरवलं. भाऊ सपाटून पडले.

पडलेला आमदार एकतर घरी बसतो, नाहीतर पक्ष बदलतो. भाऊंनी दोन्ही केलं नाही. जाकीट चढवून ते शेडसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवू लागले. साहेब बदलत गेले, शिपाईही ओळखेनासे झाले. मी एकदा चिडवलं, की आता कुणाची मतं मागायची आहेत? त्यांनी आपल्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला.

"एकच मत हाये, बापू. थेच मले पडलं नाई अजून."

त्या दिवसापासून मी त्यांना चिडवणं सोडलं.

वहिनी निवृत्त झाल्या, गुडघ्यांनी साथ सोडली, आणि मग यंदा शेड उभी राहिली. उद्घाटनाला भाऊंना कुणी बोलावलं नाही. नारळ फुटला, फोटो निघाले, मंडळी पांगली. दुपारी ऊन चढल्यावर भाऊ वहिनींना हाताला धरून तिथे घेऊन आले. मी भाजी घेऊन परतत होतो, पाहून थांबलो.

वहिनी बाकावर टेकल्या. वरच्या पत्र्याकडे बघत राहिल्या. "आता मले कुठं जायचं हाये जी?" म्हणाल्या खऱ्या, पण डोळे भरले होते.

भाऊ उभेच होते. हात सवयीने वर गेला.

"अध्यक्ष महोदय," ते म्हणाले आणि अडखळले. आता तोच शब्द येणार, असं मला वाटलं.

"झालं."

वहिनींनी पदराने डोळे पुसले. बाकावर सरकून जागा केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा उत्तर दिलं.

"माननीय सदस्य, बसा आता."